गुलाबाच्या वाफ्याची पाटी

"गुलाब आहेत की भिजलेला पुठ्ठा, काही कळेना बाई," हेडक्लार्क खिडकीत पुटपुटले. खिडकीखाली मावशी खुरपं घेऊन बसल्या होत्या. अकरा वर्षं कार्यालयाची बाग त्याच राखत होत्या, म्हणजे पुटपुटणं कोणासाठी होतं ते उघड होतं.

सुरुवात दोन फुलांपासून झाली. चार दिवस डौलात राहिलेली ती फुलं पाचव्या दिवशी कोमेजली. मावशी कात्री घेऊन निघाल्याच होत्या. सुकलेलं फूल कापलं की खालून नवा धुमारा फुटतो. पण साहेब आधी पोहोचले. बाब गंभीर असल्याने तातडीने पाटी लावण्यात आली : 'फुले कोमेजू देऊ नयेत.' खाली साहेबांचा हसरा फोटो.

तरीही फुलं कोमेजली. पाटी लहान असल्याने सूचनेचा अपेक्षित परिणाम होत नाही, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. मग दरवाजाएवढी पाटी आली, तीवर काळजीचे सात नियम. पानं पिवळी पडली तेव्हा नियम एकवीस झाले आणि पाटी भिंतीएवढी. मागून येणाऱ्यांची गैरसोय नको, म्हणून मजकूर दोन्ही बाजूंना. फोटोही त्या मानाने वाढला.

पाटीची सोय मात्र झकास झाली. तिच्या आडोशाला शिपाई डबा खाई, कारकून स्कूटरी लावत. दाखल्यांच्या रांगेतले लोक ऊन चढलं की सरकत तिथे येत, नियम मोठ्याने वाचत आणि "किती छान लिहिलंय!" म्हणत माना डोलावत. कळ्यांनी तोवर माना टाकलेल्या असत.

अखेर मावशींना नोटीस आली : कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

"भाऊ, खरं ते लिहू का?" मावशींनी हेडक्लार्कना विचारलं.

"भलतंच काय! माती खराब आहे म्हणून लिहा. माती कोणाचं नाव घेत नाही."

"माती मी स्वतः खत घालून केलीय."

"मग कीड लिहा," शिपाई म्हणाला.

"कीड नको. किडीवर समिती नेमावी लागते. हवा लिहा, हवा."

तिसऱ्या दिवशी साहेब स्वतः वाफ्यापाशी आले. सगळं कार्यालय आणि अख्खी रांग भोवती जमली.

"हं, मावशी. खुलासा?"

मावशींनी हातातला कोरा कागद घडी करून कमरेला खोचला.

"साहेब, फुलं चार दिवसांनी कोमेजतातच, त्याला इलाज नाही. ती कापायची, नवी येतात. पण ही झाडंच मरतायत. त्यांना ऊन लागतं, आणि ऊन तुमच्या फोटोपलीकडे अडलंय."

साहेबांनी पाटीकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं, मग चिडून गर्दीकडे वळले. "इतके जण रोज इथे येतात. मला एकानेही कसं सांगितलं नाही?"

"कोण सांगणार, साहेब?" मावशी म्हणाल्या. "सगळेच सावलीत उभे आहेत."