अल खोबरच्या बर्फावर कहवादाणी फत्ते जाहली ती मोहीम

श्रीमंत सौभाग्यवती मंजिरीबाईसाहेब सोमण, मुक्काम अल खोबर, इमारत नवी, लिफ्ट कायम बंद, यांचे सेवेसी अर्ज गुदरला जातो की, बाईसाहेबांनी सवाल केला, मुलूख सोडावयाची घडी येऊन ठेपली, कार्गोची खोकी आ वासून पडली, आणि ऐशा समयी आमचे यजमान बर्फावर काय करीत होते? सवाल रास्त आहे. त्याची हकीकत साद्यंत मांडिली आहे, तरी हातातील चिकटपट्टी क्षणभर खाली ठेवून ऐकावी.

ते समयी सौदीकरणाचा अंमल मोठा कडक जाहला, आणि कंपन्याकंपन्यांस फर्माने सुटली की खुर्च्यांवर मुलखाचे लोक बसवावे, आणि मग अबकैककडील एका ठेकेदार कंपनीचे देखभाल-खात्याचे कारभारी हरिहरपंत सोमण नाशिककर यांस फायनल एक्झिट, म्हणजे मुलूख कायमचा सोडावयाचा शिक्का, मिळाली, आणि त्यांची खुर्ची त्यांनीच पढवून तयार केलेल्या मिशारी नामे तरुण सौदी सरदारास बहाल जाहली. पंतांस वाईट वाटले नाही असे नाही. वाटले, आणि बहुत वाटले. परंतु बोलून दाखवितील ते पंत कसले! त्यांचे मनी एकच हेत उरला होता. मॉलचे पोटातील रिंकवर दरसाल आइस हॉकीची झुंज होत असे, आणि जिंकणाऱ्या फौजेचे कप्तानास अरबी कॉफीची पितळी कहवादाणी मिळत असे, ती कायमची. पंत कैक वर्षे कप्तान, आणि दरसाल घरी काय आणिले, तर सुजलेला गुडघा.

या सालीं पंतांनी खोक्यात एक कोपरा मागितला. बाईसाहेबांनी हुकूम फर्माविला की, तो कोपरा नाशिकच्या नूपुरवहिनींसाठी बुरैदाच्या खजुराचे डब्यास मुक्रर जाहला आहे, कहवादाणी आधी आणावी, मग बघू. यातील 'मग बघू' याचा अर्थ नवऱ्यांचे जातीस ठाऊक असतो. पंत मान खाली घालून स्वारीस निघाले.

गनीम म्हणजे रियाधकडील अल सुलैचे गोदामकर. त्यांचे जाळीपुढे दौलतसिंग नामे गोलरक्षक उभा, तो असा आडवातिडवा की जाळी दिसेना. इकडे पंतांची फौज कोकण-नाशिक मिळून खडी केलेली. तीत दाभोळचे नसरुद्दीनभाई मुकादम, गाड्यांचे सुट्या भागांचे बडे व्यापारी, अंगाने भरभक्कम. बर्फावर वेग घेण्यात त्यांचा हात कोणी धरीना. मात्र थांबणे ही विद्या त्यांनी घेतलीच नव्हती. भिंत येई तेव्हां थांबत. त्या दिवशीही मध्यान्तराचे सुमारास ते थेट दौलतसिंगाचे बगलेस फळीवर आदळले, आणि असा धडाका जाहला की वरल्या मजल्यावर शोर्मा खाणारे उठून उभे राहिले, आणि दौलतसिंगाने वाहेगुरूचे नाव घेतले. ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

झुंज बरोबरीत सुटली आणि मग शूटआउटची पाळी आली. म्हणजे दोहोंकडून तीन तीन असामींनी एकेकट्याने चकती घेऊन जाळीवर चालून जावयाचे. आणि त्या सालचा नवा कायदा ऐसा की, तिघांत एक असामी सौदी पाहिजे. म्हणजे खेळातही कोटा आला. पंतांचे फौजेत सौदी एकच, तो मिशारी. सबब एक जागा बसल्या जागी भरली. उरल्या दोन, आणि उमेदवार तीन. येथे खरे संकट उभे राहिले, कारण आपल्या लोकांस गनिमाशी लढता येते, पण मानपान सांभाळता सांभाळता भल्याभल्यांची तारांबळ उडते.

पहिले उमेदवार पुण्याचे मनीषराव. त्यांनी मोबाईलवर दौलतसिंगाचे डाव्या-उजव्या बाजूचा आलेख काढिला होता, आणि ते वदले, "माझं काही नाही हो. तुम्ही ठरवाल ते." पुण्याचा मनुष्य 'माझं काही नाही' म्हणाला म्हणजे त्याचेच सर्व आहे असे समजून चालावे, हे पंत जाणून होते.

दुसरे नसरुद्दीनभाई. त्यांनी अर्ज-विनंती काही न करिता खिशातून आपले मोठे गाडीची किल्ली काढिली आणि बोटावर फिरविली. सर्व फौज त्याच गाडीतून आली होती, आणि बिर्याणीचे पातेलेही त्याच गाडीत. "मी काय नुसता गाडी हाकायला आलो काय, पंत?" एवढेच विचारते जाहले. फौजेने एकदमच पंतांकडे पाहिले.

तिसरे उमेदवार खुद्द हरिहरपंत. त्यांची ही अखेरची झुंज. त्यांनी दावा सांगितला असता तर कोणाची छाती होती नाही म्हणावयाची? मिशारी तर पुढे होऊन म्हणाला, "उस्ताद, माझी जागा घ्या. खुर्ची घेतली तेवढी पुरे." परंतु कायदा आडवा आला, तो बसला तर फौजच बाद. पंतांनी त्याचे खांद्यावर हात ठेविला. कचेरीत त्यांस उठविले होते; येथे त्यांस कोणी उठवीत नव्हते, उठावयाचे तर आपल्या पायांनी. मग कप्तानाने यादी जाहीर केली: मनीषराव, मिशारी, अखेरीस नसरुद्दीनभाई. आणि पंत स्वतः बाकावर जाऊन बसले, आणि हेल्मेट काढून मांडीवर घेतले, आणि स्केटची नाडी सोडू लागले. कारण खाली पाहावयास काहीतरी निमित्त पाहिजे होते.

मनीषराव निघाले ते आलेखाप्रमाणे डावी हूल देऊन उजवीकडे वळले, सर्व यथासांग. केवळ चकती मागे राहिली. परत येऊन म्हणाले की बर्फ चांगला नव्हता. मिशारीने मात्र पंतांनी शिकविल्याप्रमाणे मान न हलविता चकती जाळीत घातली, आणि पंतांची नाडी हातातच राहिली. गोदामकरांनीही तिघांत एक साधिला. आता सर्व भार नसरुद्दीनभाईंवर.

"यल्ला!" अशी आरोळी जाहली, आणि भाई सुटले. चकती पुढे, काठी मागे, आणि त्यामागून दाभोळचे समग्र मुकादम घराणे येत आहे ऐसा देखावा. दौलतसिंगाने पाहिले की यास थांबता येत नाही, आणि या खेपेस भिंत म्हणजे आपण. क्षणभर तो धीराने उभा राहिला, हे त्याचे शौर्य लपवू नये. मग "ओय भाईसाब, रुको!" म्हणाला. भाईंनी कळकळीने उत्तर दिले, "रुकता नै ना!" आणि दौलतसिंग मोठ्या अदबीने बाजूस सरकला, आणि चकती आत गेली, आणि चकतीमागून भाई गेले, आणि जाळी भाईंसह मागल्या फळीस जाऊन भिडली. गोऱ्या पंचाने पुष्कळ वेळ विचार केला. चकती आधी गेली, कोणास धक्का लागला नाही. सबब गोल मंजूर. फत्ते! भाईंस जाळीतून सोडविण्यास दोन्ही फौजा लागल्या.

पंत एका पायात स्केट आणि एका पायात मोजा ऐसे धावत सुटले, आणि आपटले, आणि तैसेच हसत राहिले.

कहवादाणी घरी आली. पंतांनी ती खोक्याशेजारी ठेविली. बाईसाहेबांनी विचारले, "गोल कोणी मारला?"

"मिशारीनं. आणि नसरुद्दीननं."

"आणि तुम्ही?"

"मी बाकावर होतो. माझी जागा... दिली."

बाईसाहेबांनी हातातील चिकटपट्टी खाली ठेविली. मग कोपऱ्यातील खजुराचा डबा उचलून त्यांनी उघडिला, आणि खजूर मुठीमुठीने कहवादाणीचे पोटात भरले, आणि झाकण दाबून बसविले, आणि ती कोपऱ्यात उभी केली. मावले नाहीत तेवढे खजूर पंतांचे हाती दिले. "वहिनींना सांगू, एवढेच मिळाले," ऐसे फर्मान जाहले. आणि मग दोघे मिळून दुसऱ्या एका बंद खोक्यावर बसले आणि खजूर खाऊ लागले.

ऐसी ही मोहीम हरिहरपंतांनी बाकावर बसून जिंकिली, खोक्याचा कोपरा कायमचा त्यांचे अंमलात आला, त्याची नोंद येथे करून लेखणी बर्फावरून सांभाळून उतरते.