टाकीच्या पायाखालचा कागद

“अर्धा बुडबुडा उजवीकडे पळतोय!” लेव्हलच्या नळीला नाक टेकवत बाबांनी जाहीर केलं.

बाबा फरशी बसवण्याचं काम करायचे. कुणाच्या घरात सूतभर जरी उतार दिसला, तरी त्यांना घास गोड लागत नसे. मग माशांची नवीकोरी, दीडशे लिटरची टाकी ते कलत्या स्टँडवर ठेवतील? छे!

“स्टँड सरळच आहे. फरशी उतरती आहे,” आई म्हणाली. “ती कुणी बसवली होती, सांगू का?”

बाबांना अचानक ऐकू येईनासं झालं. त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि स्टँडच्या डाव्या पायाखाली सरकवला. स्टँडला कालच दिलेला निळा रंग अजून चिकचिकत होता. पण बुडबुडा मधोमध आला आणि बाबांची छाती फुगली.

मग दोन दिवस साठवलेलं पाणी बादल्या-बादल्यांनी टाकीत गेलं. मासे पिशवीसकट पाव तास त्यात तरंगत ठेवले, नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून. मग पाचही जण सुळकन आत! सगळ्यात जाड्या माशाचं नाव मामलेदार. त्याने लगेच चारही कोपऱ्यांची पाहणी सुरू केली. जुनी टाकी खालच्या काकूंनी केव्हाच नेली होती.

आणि तेवढ्यात आतून किंकाळी आली.

“माझं प्रवेशपत्र कुठंय? साडेदहाला गेट बंद होतं!”

ही ताई. तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती आणि पावणेदहा वाजले होते. गाद्या उलट्या झाल्या, दप्तरं पालथी झाली.

“दुसरं छापून आणू,” बाबा म्हणाले.

“रविवारी दुकान अकराला उघडतं!”

“आणि त्यावर शाळेचा शिक्का घेतला होतास ना?” आईने विचारलं. “आठवडाभर कानीकपाळी ओरडतेय मी.”

“अगं आई, आधी कागद तर सापडू दे!”

धाकटी इतका वेळ टाकीसमोर मांडी घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, पायाखालचा तो कागद... तुम्ही कुठून घेतलात?”

“टेबलावरून. कोरा होता.” बाबांचा आवाज खाली आला. “म्हणजे... एका बाजूने.”

दीडशे लिटर पाण्यासकट स्टँड उचलायला घरात पैलवान नव्हता. नळी लावली, पाणी मोरीत सोडलं. धाकटी जुनी टाकी मागायला धावली आणि हात हलवत परत आली. “काकूंनी त्यात लोकरीचे गुंडे भरलेत. त्या म्हणतात, दिलेली वस्तू परत मागतात का?”

मग काय! टाकीतलंच पाणी घेऊन दोन मासे बादलीत गेले, दोन कळशीत आणि मामलेदार थेट कुकरमध्ये.

“माझा कुकर!” आई ओरडली.

“शिट्टी लावत नाही गं!” बाबा म्हणाले.

सव्वादहाला स्टँड हलला. ताईने चुरगळलेलं प्रवेशपत्र ओढलं, उलगडलं आणि तशीच पळत सुटली. बाबा उंबऱ्यात हात चोळत उभे राहिले. “माझ्या टेकूपायी पोरीचं वर्ष गेलं तर?” असं ते चारदा म्हणाले. आईने नुसतं उतरत्या फरशीकडे बोट दाखवलं. हे जास्त भयंकर होतं.

दुपारी ताई घरी आली, ती गालातल्या गालात हसतच.

“गेटवर बाई शाळेचा शिक्का बघत होत्या. आणि मी...” तिने आईकडे चोरून पाहिलं, “मी तो घ्यायचाच विसरले होते.”

“बघा!” आई कडाडली.

“ऐक ना! बाईंनी कागद उन्हात धरला. फोटोच्या कोपऱ्यावर निळं, गोल वर्तुळ! त्या म्हणाल्या, ‘शिक्का पुसट आलाय गं. जा आत.’”

सगळ्यांनी स्टँडच्या निळ्या, गोल पायाकडे पाहिलं.

बाबा छिन्नी-हातोडा घेऊन खोलीच्या मधोमध बसले होते. डाव्या कोपऱ्यातल्या तीन फरश्या त्यांनी उखडल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

“पुसट असू दे. सरळ तरी होता ना?”

कुकरमध्ये मामलेदाराची पाहणी चालूच होती.