मस्कतला चहा, कराचीला जेवण

दुबईहून मुंबईला यायला विमानाला किती वेळ लागतो, यावरून वाशीच्या शिंद्यांच्या घरात कालपासून खडाजंगी चालू होती. वैजयंतीला पाहायला सुभाष जाधव थेट विमानतळावरून येणार होता. ट्रंककॉलवर "सकाळी आठला विमान निघतं" एवढंच ऐकू आलं आणि लाइन तुटली. पुढचा हिशेब बाजीरावांनी अंगावर घेतला. जन्मभर एसटीत कंट्रोलर राहिलेल्या माणसाच्या घरात तो मान दुसऱ्या कुणाला मिळणार?

वैजयंतीच्या जुन्या नकाशावर त्यांनी दोरा ताणला. एकोणीसशे किलोमीटर भरले.

"एवढ्या लांबची गाडी म्हणजे मस्कतला चहा, कराचीला जेवण. तिथंच ड्रायव्हर बदलणार. संध्याकाळचे पाच धर."

"बाबा, विमानाला थांबे नसतात!"

"मग काय उपाशी चालवतो? काहीतरीच बोलतीस!"

यशोदाबाईंना मात्र धीर धरवत नव्हता. याआधीची दोन स्थळं परत गेली होती, आणि सुभाष रात्रीच्याच गाडीनं कराडला जाणार होता. "अहो, जरा लवकरच जा ना," त्या म्हणाल्या.

"गाडी यायच्या आधी अर्धा दिवस स्टँडवर कोण उभं राहतं?" बाजीराव म्हणाले, आणि निवांत जेवून, हार घेऊन निघाले.

विमानतळावर चार वाजता पोचल्याचा त्यांना अभिमान वाटला. चौकशीच्या खिडकीतल्या बाईंनी तो लगेच उतरवला.

"दुबईचं विमान? ते दुपारीच आलं."

"बिफोर टाइम?"

"राइट टाइम."

"मधे कुठंच थांबलं नाही?"

"कुठं थांबणार, काका? खाली समुद्र आहे!"

बाजीराव हार घेऊन तसेच बसकडे वळले. पोराला घ्यायला कुणी नाही, पत्ता शोधत उन्हात फिरला असेल, आणि वैतागून सरळ कराडला गेला असेल. आपल्या शहाणपणापायी लेकीचं स्थळ गेलं, या विचारानं बसमध्ये त्यांना रडू फुटायचं तेवढं राहिलं. खाडीपूल कधी मागे पडला, तेही कळलं नाही.

दार यशोदाबाईंनी उघडलं.

"गेला का गं तो?"

"हळू बोला! आत आहेत. टॅक्सीनं आले, तेव्हा मी बाजारात. ही केस धुऊन बसलेली. त्यांना म्हणाली, केस वाळेपर्यंत कांदा चिरता का?"

"अरे देवा! मग?"

"चिरला. जेवले, भांडी विसळली. तोवर हिनं पगार, व्यसनं, स्वभाव, सगळं विचारून घेतलं. आता पोहे करतायत. मला आत येऊ देत नाहीत."

काही झालं तरी कार्यक्रम रीतसर व्हायला हवा, म्हणून बाजीराव टोपी नीट करून खुर्चीवर बसले. तेवढ्यात सुभाष ट्रे घेऊन, मान खाली घालून बाहेर आला. बशा ठेवल्या आणि वाकून नमस्कार केला.

बाजीराव गोंधळले. "बसा. स्वयंपाक येतो वाटतं?"

"थोडाफार. दुबईला खोलीवर पाळी असते."

"शिक्षण?"

"डिप्लोमा."

सुभाषच्या मागून येऊन बसलेल्या वैजयंतीपुढे बाजीरावांनी एक बशी सरकवली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं शांतपणे एक घास खाल्ला.

"मीठ कमी आहे."

सुभाषचा चेहरा उतरला. यशोदाबाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

"पण चालेल," वैजयंती म्हणाली, "शिकतील हळूहळू."