भास्करभाऊंचे चिमटे

भास्करभाऊ बोरसे यांना कुणाला टोमणा मारायचा असला, की ते आधी पेटी मागतात. साधं बोलून टोमणा वाया घालवणं त्यांना पटत नाही. सायली गावातल्या धाग्याच्या कारखान्यात, मशिनींच्या खडखडाटात त्यांचा जन्म गेला. त्यामुळे रिटायर झाले तरी समोरच्याशी ते रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. मंचावर आले की मला माइक बारीक करावा लागतो.

आमच्या सिल्वासात दवाखान्याबाहेर सुरंगी गावाकडून आणि आणखी आतल्या पाड्यांवरून आलेल्या पेशंटचे नातेवाईक बसलेले असतात. त्यांना जेवू घालणारं एक अन्नछत्र आहे. त्याच्यासाठी भाऊ वर्षातून एकदा स्वतः रचलेल्या गाण्यांचा कार्यक्रम करतात. पद्धत अशी, की जो मदत करील त्याला मंचावरून एक चिमटा.

"शाल कपाटात जाते भो," ते म्हणतात, "चिमटा अंगावर राहतो."

माझा मंडपाचा आणि माइकचा धंदा. धुळ्याहून आलो तेव्हा एक ताडपत्री होती. आज निम्म्या गावाची लग्नं माझ्या मंडपात लागतात. हे घासाघीस करूनच उभं केलं आणि त्याची मला लाज नाही. गेल्या वर्षी अन्नछत्राला मी मंडप अर्ध्या भाड्यात दिला. त्याचं फळ काय मिळालं?

'मंडप बांधला शेठजीने, खांब दिले चार,
पाचवा मागता म्हणतो कसा, आभाळ धरा यार!'

सगळं गाव हसलं. हसलं ते हसलं, पण खडोलीच्या कारखान्यात पूजेचा मंडप ठरवायला गेलो, तर तिथला मॅनेजर मला विचारतो, "शेठ, थांभला चारज ने?" खांब चारच ना, म्हणे! भाजीवालीसुद्धा मला बघून वर बोट करायची.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी भांडायला गेलो होतो, तर भाऊंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. कोकणातून इथे बदलून आलेले परब सर लालबुंद होऊन बसलेले. किराणावाले जयेशभाई त्यांच्याहून लाल. आणि भाऊ पातेल्यात आलं ठेचून टाकतायत. "बोला ना सर, मोकळेपणी बोला. साखर बेताची ना?" माणसाने हातात दिलेला चहाचा ग्लास धरून त्यालाच शिव्या देणं अवघड असतं. मी तरी दिल्या.

पण राग काही गेला नाही. यंदा ते मंडप मागायला आले तेव्हा मी सौदा टाकला.

"मंडप फुकट. पण माझ्यावर एक ओळ गायची नाही."

भाऊंनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "वाचेल त्यात ताटं वाढतील ना?"

"वाढतील."

"मग सोडला तुमचा चिमटा."

ही बातमी जयेशभाईंना लागली. "तमने छूट, तो मने केम नहीं?" म्हणत त्यांनी तांदळाची पोती उतरवली आणि सुटले. परब सरांनी घरोघर फिरून डाळ जमवली, तेही सुटले. हळूहळू सगळेच सुटले.

कार्यक्रमाला भाऊंनी स्वतःच्या गुडघ्यांवर गाणं म्हटलं, मशिनीवर म्हटलं. लोक ओरडत होते, "शेठचं म्हणा!" भाऊंनी हात जोडले. "शब्द दिलाय भो." अन्नछत्राची कोठी गच्च भरली. माझ्यावर कुणीही हसलं नाही. एवढा नफ्याचा सौदा मी आजवर केला नव्हता.

सकाळी माइकचा स्टँड न्यायला त्यांच्याकडे गेलो. भाऊ आंघोळ करून, केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसलेले. स्टोव्हजवळ पातेलंभर चहा. वर जाड साय धरलेली.

"कुणी आलं नाही?" मी विचारलं.

"कशाला येतील? कुणाला काही बोललोच नाही." ते पातेल्याकडे बघत राहिले. आवाज मात्र पहिल्यांदाच खोलीत मावेल एवढा होता. "आमची ही होती तोवर रोज भांडण व्हायचं. पोरगा सुरतेहून फोन करतो, पण तो भांडत नाही. सालातून ही एक सकाळ भेटायची भो."

मी स्टँड उचलला. दारापर्यंत गेलो. मग परत येऊन खाली ठेवला.

"याला चहा म्हणतात?" मी ओरडलो. "आणि काल माझ्या माइकवर थुंकी किती उडवलीत!"

भाऊ ताडकन उठले. "तुमचा माइकच भंगार! निम्मा आवाज तोच खातो!"

"भंगार?"

"शंभरदा भंगार!" म्हणत त्यांनी सायीचा चहा मोरीत ओतून दिला आणि नवं आधण चढवलं. मी दाराशी जाऊन जयेशभाईंना फोन लावला.

"जल्दी आवो. भाऊ तुमच्या तांदळाला नावं ठेवतायत. आणि येताना परब सरांना घेऊन या, त्यांच्या डाळीवर तर काय वाट्टेल ते बोलतायत."