डेसमंड पिकर्सगिल यांचा स्टार्टर

निवृत्तीनंतर माणसाने एकदा तरी स्वतःच्या मोटारीखाली झोपावे, असे शास्त्र आहे. यॉर्कशरमधल्या आमच्या बंद गल्लीत ते काटेकोर पाळले जाते. चौदा घरांत मिळून गेल्या पाच वर्षांत बॉनेट एकवीस वेळा उघडले गेले आणि सहा गाड्या दुरुस्त झाल्या (पैकी दोन आपणहून).

भूगोलाचे निवृत्त शिक्षक डेसमंड पिकर्सगिल यांच्यावर ही पाळी शुक्रवारी आली. किल्ली फिरवली की गाडी नुसती 'टक' करी आणि गप्प बसे. स्टार्टर गेला, असे त्यांनी जागच्या जागी ठरवले आणि संध्याकाळीच नवा आणला. गॅरेजवाला गुरुवारपर्यंत मोकळा नव्हता आणि पत्नी हिलरी हिची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सोमवारी सकाळी आठला लीड्सला होती. ही तारीख अकरा महिने थांबून मिळालेली. चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. हिलरीने टॅक्सीचे सुचवले. घरात पान्यांची पेटी असताना असले बोलणे त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले.

शनिवारी नऊला काम सुरू झाले. क्रम ठरलेला असतो: चहा, बॉनेट उघडणे, आत पाहून उसासा, पुन्हा चहा. उसासा गल्लीच्या टोकापर्यंत जावा लागतो, म्हणजे शेजारी येतात. समोरचा विल्फ ऑटी आपला चहाचा मग घेऊन आला. याने अडतीस वर्षे बसडेपोत इंजिने दुरुस्त केली होती. बॅटरीच्या टोकावर बोटभर पांढरा-हिरवा मळ चढला होता. दोष तिथे होता. स्टार्टर बिचारा धडधाकट. पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत विल्फला हे कळले.

पण आमच्याकडे न मागता सल्ला देणे हा घरफोडीच्या जरासाच खालचा गुन्हा आहे (रांग मोडणे दोहोंच्या वर). सभ्यपणात बसेल तेवढे विल्फ बोलला.

"बॅटरीचं ठीकच असेल म्हणा."

"ठणठणीत आहे. दोनच तर वर्षं झाली."

"तुला जास्त माहीत," विल्फ म्हणाला. आमच्याकडे हे ज्याला काही कळत नाही त्यालाच म्हणतात, हे डेसमंड यांना ठाऊक होते. पण ते इतरांना म्हणतात, अशी त्यांची समजूत होती.

त्यांनी बॅटरीची तार मळासकट सोडवून अलगद बाजूला ठेवली, गाडीखाली शिरले, एक बोल्ट काढला, दुसऱ्याचे डोके गुळगुळीत केले, तासाभराच्या झटापटीनंतर तोही काढला आणि जुना स्टार्टर छातीवर झेलला. विल्फने मुकाट्याने टॉर्च धरला. आणखी तिघे जमले. मळ चौघांनाही दिसला. चौघांनी हवेबद्दल समाधान व्यक्त केले.

दीड वाजता नवा स्टार्टर बसला. तार मळासकट जागेवर गेली. किल्ली फिरली. टक.

डेसमंड यांनी किल्ली पुन्हा फिरवली. पुन्हा टक. सोमवार चुकणार आणि तो आपल्यामुळे चुकणार, हे त्यांना तेव्हा कुठे कळले. आवाज ऐकून हिलरी भिंतीच्या आधाराने बाहेर आली आणि इंजिनाला नाक लागेल इतकी वाकली.

"डेसमंड, या बॅटरीवर हे पांढरं काय साचलंय?"

विल्फने खिशातून तारेचा ब्रश काढला. तो सकाळपासून खिशातच होता. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली.

"तुला माहीत होतं?"

"नऊपासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

हे उत्तर डेसमंड यांना पटले. शस्त्रक्रिया सोमवारी उत्तम पार पडली. जिला धड दिसत नव्हते तीच दिसले ते बोलली, याची गल्लीने नोंद घेतली आहे (डोळा सुधारल्यावर ही सवय सुटेल, अशी आशा आहे).

विल्फला नावे ठेवण्याआधी, वाचकहो, एक ध्यानात घ्या. मळ तुम्हालाही त्याच्याबरोबरच दिसला होता. सोमवारी काय आहे, तेही तुम्हाला ठाऊक होते. तरी एक भला माणूस साडेचार तास राबत असताना तुम्ही हूं की चूं केले नाही, उलट गालात हसत पुढे वाचत राहिलात. आमच्या गल्लीत आठ नंबरचे घर सध्या रिकामे आहे. येताना चहाचा मग तेवढा स्वतःचा आणा.