गाळी अण्णा आणि दहा सेकंद

निपाणीच्या कापडबाजारात लोक कापड बोटांनी बघतात. गाळी अण्णा नाकानं बघायचे. दुकानदार ठाण उलगडायचा, अण्णा त्याचं टोक उचलून नाकातोंडावर घट्ट दाबायचे, डोळे मिटायचे आणि दोन-तीन लांब श्वास घ्यायचे. मग निकाल सांगायचे, "ह्यात जीव गुदमरतोय." नाहीतर, "हे मोकळं हाय, पर धूळ आत यील." दुकानदार बिचारा ते ठाण हळूच बाकीच्या गिऱ्हाइकांच्या नजरेआड सारायचा.

अण्णांचा कापडाशी काही संबंध नव्हता. हायवेला लागून त्यांचं गॅरेज होतं. गाळी म्हणजे कानडीत वारा. दिवसातून पन्नास वेळा हा शब्द तोंडात, म्हणून गावानं तेच नाव पाडलं. त्यांचं खरं नाव मी एकदा गॅरेजच्या लाइट बिलावर वाचलं होतं. आता आठवत नाही.

मी इकडचा नव्हे. भंडाऱ्याकडचा. सातवीत शाळा सोडली, शिवणकाम शिकलो, आणि चोविसाव्या वर्षी विड्यांच्या पानांच्या ट्रकवर मशीन चढवून निपाणीला आलो. ट्रक नेमका अण्णांच्या दारात बंद पडला. दुरुस्तीला दोन दिवस लागले. तेवढ्यात मी अण्णांच्या फाटक्या खाकी पँटला ठिगळ लावून दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं नि म्हणाले, "फुडं कुठं जातोस? हितं पत्र्याखाली मशीन मांड की."

मांडली. पण पुढची तीन वर्षं रोज सकाळी मला वाटायचं, आज हे म्हणणार, टेलर, उचल आता. त्यांनी कधी म्हटलं नाही. मी भ्यायचंही सोडलं नाही.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं. "पोटाला पेट्रोल कुणीबी घालतंय. वारं कोण घालणार?" गाडी ओढत नसली तर वारं कमी. पोरगं नापास झालं तर वर्गाला खिडक्या कमी. नवराबायकोचं भांडण ऐकलं तरी म्हणायचे, "दोघं एकाच खोलीत झोपत्यात न्हवं? गाळी कुठली मिळायची!" माझं तर गिऱ्हाईकच बिघडवायचे. एक हेडमास्तर नव्या शर्टाचं माप बघायला आले होते. अण्णांनी ग्रीसच्या हातानं त्यांच्या गळ्याचं बटण काढलं. "एवढी आवळून कॉलर शिवतोस व्हय रं टेलर? मास्तरांनी श्वास कुठनं घ्यायचा?" शर्ट मला दुसरा शिवून द्यावा लागला.

अशा माणसाच्या गॅरेजात विलासशेठची लाल गाडी आली.

विलासशेठ म्हणजे तंबाखूच्या वखारवाल्यांचा थोरला मुलगा, तिशीचा. गाडी विलायती, दोन सीटची, बिनटपाची आणि इतकी ठेंगणी की आत बसलेला माणूस रस्त्यावर मांडी घालून बसल्यासारखा दिसायचा. शेठच्या हातात एक विलायती मासिक होतं. त्यात जाहिरात: कंपनीचा एअर फिल्टर काढा, आमचा बसवा, गाडी वाऱ्यासारखी पळेल. "अण्णा, बाहेरून मागवू का? उपयोग होतो का ह्याचा?"

अण्णांनी बॉनेट उघडलं. फिल्टरच्या काळ्या डब्यावर टिचकी मारली. "गाडीच्या तोंडावर घोंगडं टाकल्यागत हाय हे. मागवताय कशाला? मी करतो. तवंदीचा घाट दहा सेकंद लवकर चढली न्हाय तर नाव बदला माझं."

"दहा सेकंद कमी झाले तर मद्रासच्या शर्यतीला तुम्ही माझ्या शेजारच्या सीटवर," शेठ म्हणाले.

अण्णांचा हात त्या डब्यावरच राहिला. पन्नाशीचा माणूस, जन्म इंजिनात गेलेला, पण शर्यत कधी बघितली नव्हती. कोल्हापूर-बेळगावच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मद्रासची बातमी स्टँडवरच्या पानवाल्याला ठाऊक झाली. एका मद्रासी ट्रकड्रायव्हरकडून अण्णा दोन तमिळ शब्द शिकले, पाणी आणि पुरे. "एवढ्यावर भागतंय," म्हणाले. माझ्याकडून नवी पँट शिवून घेतली, आणि ती घडी करून ठेवून दिली. घालायची मद्रासलाच.

फिल्टरसाठी कापड हवं होतं. निपाणीचा बाजार हुंगून संपला होता, म्हणून आम्ही बसनं बेळगाव गाठलं आणि वडगावला एका विणकराच्या घरी गेलो. मागावर एक झिरझिरीत साडी होती. अण्णांनी विणून झालेला भाग उचलून तोंडावर घेतला, डोळे मिटले आणि लांब श्वास सुरू केले. खांदे वरखाली होत होते. विणकराची म्हातारी आई आतून बघत होती. ती लगबगीनं बाहेर आली, पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडू नको रं लेकरा. कारभारीण कधी गेली?"

अण्णांनी तोंडावरचं कापड काढलं. "गेली न्हाय आज्जी. आलीच न्हवती."

म्हातारीनं चहा दिला आणि त्याच विणीचा दोन हात तुकडाही काढून दिला.

आता शिवायचं माझ्याकडं. जाळीच्या दोन गोल चकत्या, मध्ये चार पदरी कापड, त्याला बारीक चुण्या, वरून तेलाचा हात. मी परकराला चुण्या घातल्या होत्या, इंजिनाला कधी घातल्या नव्हत्या. झोप उडाली माझी. "अण्णा, दोरा तुटून आत गेला तर?"

"तर मागनं तुला बी आत सोडतो, दोरा काढायला."

मी प्रत्येक शिवण तीनदा मारली.

ठरल्या दिवशी उजाडताच आम्ही घाटाखाली गेलो. घड्याळ हायस्कूलच्या पीटीच्या मास्तरांचं, खटका दाबला की काटा पळणारं. सीट दोनच, शेठ चालवणार, मी शेजारी बसून वेळ घेणार. अण्णा आधीच एका ट्रकनं वर जाऊन बसले होते. तिथून खालचा सगळा रस्ता दिसतो.

पहिली फेरी कंपनीच्या डब्यासकट. तीन मिनिटं बारा सेकंद. वर अण्णांनी आमचा फिल्टर बसवला, आम्ही पुन्हा खाली आलो आणि दुसरी फेरी सुरू केली.

काय तो आवाज! शेठनं पाय दाबला की इंजिन असं हुंकारायचं की रस्त्याकडेची म्हैस कासरा तोडायला बघत होती. शेठ वळणावळणावर ओरडत होते, "विमान झालंय रे, विमान!" त्यांना वाटत होतं गाडी उडतेय. घड्याळाला तसं काही वाटलं नाही. वर पोचून खटका दाबला तेव्हा काटा तीन मिनिटं अकरा सेकंदांवर होता. तो एक सेकंदसुद्धा माझ्या घामेजल्या अंगठ्याचा असणार.

अण्णा समोर उभे होते. हात पुसत होते, कोरडेच. मला ती घडी घातलेली पँट आठवली. मी काटा शून्यावर आणला आणि म्हणालो, "तीन मिनिटं दोन सेकंद."

"बरोबर दहा!" शेठनं अण्णांच्या पाठीत थाप मारली. "चला मद्रासला!"

अण्णा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं एकदाच बघितलं. मग बॉनेट उघडून फिल्टर काढला, आणि त्याच्या मागच्या नळीत बोट फिरवून शेठसमोर धरलं. बोटावर तंबाखूची पिवळी धूळ. "शेठ, गाडी खालनं निघाल्यापास्नं मी हितं मोजत हुतो. दोन्ही खेपंला आकडा त्योच. आवाज वाढला, पळ न्हाय वाढला. आन् आपल्या गावात असं तोंड उघडून पळालं तर वरीसभरात इंजन बसंल. कंपनीचा डबा ऱ्हाऊ दे. म्हैन्याला झाडा. विलायतंचा बी मागवू नका."

"पण हा तर म्हणाला..."

"सातवी शिकलंय ते. घड्याळ कळत न्हाय त्याला. मीच चुकलो, त्याच्या हातात दिलं."

मला घड्याळ चांगलं कळतं. पण मी मान खाली घालून उभा राहिलो. शेठ हळहळले, मग म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द, अण्णा. दहा नाहीत, तर मद्रास नाही," आणि गाडी घेऊन गेले. मद्रासला ते पुढं एका मित्राबरोबर गेले.

आम्ही पायी घाट उतरायला लागलो. अण्णा पुढं, फिल्टर काखेत. मागून चालताना मी मनातल्या मनात मशीन कुठल्या ट्रकवर चढवायची ते ठरवत होतो. दुसऱ्या वळणावर ते थांबले.

"का बोललास तसं?"

"तुम्हाला जायचं होतं ना, अण्णा."

त्यांनी फिल्टर एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. "माझ्याशी लई जण खोटं बोलल्यात रं. माझ्यासाठी कुणी बोललं न्हवतं." मग चालायला लागले नि मागं न बघता म्हणाले, "परत बोलू नको. आन् दुपारी जेवायला घरी यी."

तीन वर्षांत मी त्यांचं घर बघितलं नव्हतं. गॅरेजच्या मागच्या गल्लीत एक खोली, स्टोव्ह, पाट, आणि चारी भिंतींना खिडक्या. भाकरी त्यांनीच थापल्या, वर लसणाची चटणी. वाढायला बसले तेव्हा लक्षात आलं, घरात ताट एकच आहे. ते त्यांनी माझ्यापुढं ठेवलं, पिठाची परात पालथ्या हातानं पुसून घेतली आणि स्वतः तीत जेवले.