पट्टीच्या पोहणाऱ्याचं जाकीट

"घाबरायचं काय त्यात? मी आहे ना!"

हे वाक्य टेलरमास्तर गेली बावीस वर्षं बिनधास्त फेकत आले होते. कॉलेजात असताना आपण भर पुरात नदी पोहून पार केली, ही कथा त्यांनी मित्रांना एकदा चहाच्या भरात ऐकवली होती. पुढे दरवर्षी ती नदी थोडी थोडी रुंद होत गेली! खरी गोष्ट अशी, की मास्तरांना पोहणं अजिबात येत नव्हतं. अंघोळीला डोक्यावर तांब्या ओतायचा तरी ते आधी नाक दाबून धरायचे.

वर्षातून एकदा चौघे मित्र डोंगर चढायला जात. मास्तर, दातांचे डॉक्टर, शाळेत भूगोल शिकवणारे सर आणि लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला. डोंगरावर पोहायची वेळ येत नाही, म्हणून मास्तरांचं डोंगरांवर फार प्रेम. पण या वर्षी सरांनी नेमका समुद्रातला डोंगर शोधून काढला!

"किनाऱ्यापासून शंभर-सव्वाशे पावलांवर टेकडी आहे," सर म्हणाले. "ओहोटीला घोटाभर पाण्यातून चालत जायचं, वर चढायचं आणि भरतीच्या आत परत."

"आणि भरती आधीच आली तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"मास्तर आहे की!" लिफ्टवाला म्हणाला.

तिघे हसले. मास्तरही हसले, पण जरा उशिराच.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी दुकान उघडल्याबरोबर त्यांनी कोटाच्या खांद्यात घालायचे स्पंजचे पॅड काढले, सगळेच्या सगळे, छप्पन! शर्टाच्या आत घालता येईल असं एक जाकीट बेतलं आणि त्यात ते ठासून भरले.

"कुणाचं हो हे?" बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं.

"आहे एक गिऱ्हाईक. थंडी फार वाजते बिचाऱ्याला."

"एवढ्या उकाड्यात?" एवढंच म्हणून ती आत गेली.

मास्तरांनी जाकीट बादलीत टाकून पाहिलं. तरंगलं! मग आरशासमोर घालून पाहिलं, तर ते सारखं वर सरकून हनुवटीला टेकायचं. झालं! मास्तरांमधला कारागीर जागा झाला. जीव वाचवायचा असला म्हणून काय झालं, कपडा अंगावर नीट पडायला नको? पडदे सरळ लोंबावेत म्हणून खालच्या दुमडीत शिशाची माळ घालतात, तशी त्यांनी जाकिटाच्या घेरात घातली. एक पुरेना, म्हणून चार घातल्या. आता जाकीट कसं झकास बसलं! बादलीत पुन्हा टाकून बघायचं मात्र मास्तरांच्या डोक्यातच आलं नाही.

ठरल्या दिवशी चौघे निघाले. फोन भिजायला नकोत म्हणून डॉक्टरांनी ते गाडीतच ठेवायला लावले. जेवणाचे डबेही गाडीतच राहिले, कारण दुपारपर्यंत परत यायचं होतं.

"मास्तर, अंग धरलंस रे!" लिफ्टवाल्याने त्यांच्या पोटावर चापट मारली. ते मऊ लागलं.

"वय झालं," मास्तर घाईने म्हणाले.

घोटाभर पाण्यातून पलीकडे जाताना मास्तरांचे ओठ सारखे हलत होते. टेकडी चढताना जाकिटात त्यांचं भरीत झालं. वर वारा छान होता, सर समुद्राबद्दल खूप बोलले आणि चौघे हसतखेळत खाली उतरले. खाली येऊन बघतात तर वाट गायब! जिथून चालत आले होते तिथे काळंशार पाणी होतं आणि ते सारखं वर येत होतं.

"सर, तुझं ते भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद हातात घेतला आणि ते ओरडलेच. "अरे, हे गेल्या महिन्याचं आहे!"

"मला वाटलं, तारीख तीच म्हणजे वेळही तीच..." सरांचा आवाज खोल गेला. "आता सहा तास तरी पाणी उतरणार नाही."

"मुलांना काय शिकवतोस रे तू!"

एवढ्यात लिफ्टवाला मटकन खाली बसला. त्याला साखरेचा आजार. सकाळची गोळी त्याने घेतली होती, पण पोटात दोन बिस्किटांपलीकडे काही नव्हतं. बाकीची बिस्किटं गाडीत. त्याला दरदरून घाम फुटला होता आणि हात थरथरत होते.

"डोळ्यांपुढे अंधारी येतेय," तो पुटपुटला.

डॉक्टरांनी त्याची नाडी धरली. "याला लगेच काहीतरी गोड द्यायला हवं. सहा तास हा काढणार नाही."

मग तिघांनी एकदमच मास्तरांकडे पाहिलं.

"अरे, मला तुम्हाला एक सांगायचंय..." मास्तर म्हणाले.

"नंतर सांग! आधी पाण्यात उतर!" डॉक्टर ओरडले.

मास्तरांनी लिफ्टवाल्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं. तो त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता. मास्तरांना रडू आलं. मग आठवतील तेवढ्या देवांची नावं घेत ते पाण्यात उतरले.

पाणी कमरेला लागलं. आता जाकीट उचलेल! छातीला लागलं. आता नक्की उचलेल! पण जाकीट उचलायचं नावच घेईना. छप्पन पॅड घटाघटा पाणी प्याले आणि चार माळांनी मास्तरांना खाली खेचून धरलं. पाय वाळूला चिकटल्यासारखे झाले. मास्तरांच्या लक्षात सगळं आलं, पण आता गुंड्या काढायला बोटं वळत नव्हती!

पाणी हनुवटीला आलं. डाव्या अंगाने प्रवाह असा जोरात ओढत होता, की एखादं लाकूड शेजारून सर्रकन वाहत गेलं. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत. मग त्यांनी भीतभीत एक पाऊल टाकलं. तळ होता! दुसरं टाकलं. लाट डोक्यावरून गेली, नाकातोंडात खारं पाणी गेलं. हात वेडेवाकडे मारत, ठसकत, मनातल्या मनात बायकोची माफी मागत मास्तर समुद्राच्या तळावरून चालू लागले.

"बघ, बघ! उभ्याने पोहतोय!" मागून सरांचा आवाज आला. "याला म्हणतात पट्टीचा पोहणारा!"

पलीकडे मास्तर चारी पायांवर बाहेर आले. तसेच धडपडत गाडीकडे गेले, बिस्किटं घेतली आणि किनाऱ्यावर खडकांआड जाळं विणत बसलेल्या होडीवाल्याला ओढतच आणलं.

होडीवाल्याने बांबू पाण्यात टाकला. तो लगेच तळाला टेकला. त्याने बांबूकडे पाहिलं, मग मास्तरांच्या शर्टाखालून लोंबणाऱ्या शिशाच्या माळेकडे पाहिलं.

"पोहत आलात?"

"हो," मास्तर म्हणाले.

"बरं," म्हणून होडीवाल्याने होडी हाकली. माणूस सज्जन होता.

चार बिस्किटं पोटात गेल्यावर थोड्या वेळाने लिफ्टवाल्याच्या चेहऱ्यावर रंग आला. त्याने मास्तरांचा हात घट्ट धरला. "आज तू होतास म्हणून मी आहे रे." मास्तरांचे डोळे भरून आले. आता सांगून टाकावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "पुढच्या महिन्यात होडीने थेट खोल समुद्रात जाऊ! पहिली उडी मास्तरची, मग आम्ही. काय मास्तर?"

सगळे कौतुकाने बघत होते. मास्तरांनी तोंड उघडलं आणि बावीस वर्षांची सवय बाहेर पडली. "घाबरायचं काय त्यात? मी आहे ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मशीनपुढे डोकं धरून बसले होते. बाहेर बायको ते जाकीट वाळत घालत होती. दोरी पार जमिनीला टेकली होती.

"त्या गिऱ्हाइकाचं जाकीट परत आलं वाटतं?" तिने विचारलं.

"हो," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "त्याला आणखी एक हवंय."

"मग या खेपेला शिसं काढा आणि आत थर्माकोल भरा," ती चिमटा लावत म्हणाली. "मला ते गिऱ्हाईक घरी परत हवंय!"